पुढचा ब्रेक

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक साधारणपणे दोन गोष्टी विचारायला येतात. ठेव कुठे ठेवावी आणि मेहुण्याला जामीन राहावे की नाही. २०२४ च्या पावसाळ्यापासून मात्र आमच्या साताऱ्याच्या घरी तिसराच प्रश्न घेऊन माणसे येऊ लागली. फाटक उघडता उघडताच विचारतात, ''बुलेटला डिस्क बसवली म्हणे तुम्ही? जमली का?''

जमली. पण ती का बसवली हे सांगायला मला जरा मागे जावे लागेल, आणि मागे जाताना एक जुनी नोंद दुरुस्त करावी लागेल. ज्यांचा मोटरसायकलशी काही संबंध नाही त्यांनीही थोडा वेळ सोबत यावे. निम्मी गोष्ट स्वयंपाकघरातल्या उदाहरणांनीच समजण्यासारखी आहे.

१९८६ साली मी बँकेच्या कर्मचारी वाहनकर्जातून साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली. पाटण तालुक्यातल्या एका शाखेत मी तेव्हा कर्ज विभाग पाहत होतो. विहिरी, पाइपलाइन, म्हशी, इंजिने. कर्जाची म्हैस खरोखर गोठ्यात आहे की शेजाऱ्याची आणून बांधली आहे, हे पाहायला वाड्यावस्त्यांवर जावे लागे. रस्ते म्हणजे दगड. बुलेट त्या दगडांवरून डुलत डुलत जाई आणि तिचा आवाज दोन वळणे आधी पोहोचत असल्याने शेजाऱ्याची म्हैस बांधायला लोकांना पुरेसा वेळ मिळे. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. दुसऱ्या गाड्यांवर नेमके उलटे. त्यामुळे एकदा बुलेटची सवय झालेला माणूस दुसऱ्याची गाडी मागत नसे आणि आपली देतही नसे. पुढचा ब्रेक हातात, केबलने ओढायचा. तो दाबला की गाडी थांबण्याचा विचार करू लागे.

हा पुढचा ड्रम ब्रेक म्हणजे काय, ते सांगतो. चाकाच्या मधोमध एक पोकळ डबा असतो, सहा-सात इंची, पुरणपोळीएवढा. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू. लिव्हर दाबला की कॅम फिरतो, शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. पातेले आत हात घालून, बोटे ताणून उचलावे तसे हे धरणे आहे. आता ते पातेले तापले तर? तापले की ते फुगते, भिंत लांब जाते, आणि बोटे तेवढीच राहतात. शिवाय शूवर जो लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेटने बसवलेला असतो, तो फार तापला की त्याची पकड सुटते. गाडी थांबवायची गरज जितकी जास्त, तितका हा ब्रेक तापणार, आणि तापला की तितकाच ढिला पडणार. ऐन गरजेच्या वेळी खिसा रिकामा असलेल्या जामीनदारासारखे त्याचे वागणे.

ब्रेक गाडी 'थांबवतो' असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो वेगाची उष्णता करतो, एवढेच. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. उतारावर तर वेग न वाढवताही ती तयार होत राहते. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. गाडी आणि दोन माणसे मिळून ३०० किलो धरा. त्यांना ४०० मीटर उंचीवरून खाली आणायचे आणि सारा भार ब्रेकवर टाकायचा. त्यात जी उष्णता निघते तिच्यावर नळाचे चार लिटर पाणी उकळेल. वारा आणि टायर यातला आपापला वाटा घेतात, तरी उरते ती त्या पुरणपोळीएवढ्या डब्यांना सोसावी लागते. आणि इंजिन? इंजिन गिअरमध्ये असेल तर तेही गाडीला मागे ओढते. उतारावरचा तो सर्वांत मोठा ब्रेक आहे आणि त्याला लायनर बदलावा लागत नाही. जितक्या खालच्या गिअरमध्ये चढ चढतो, तितक्याच गिअरमध्ये उतरावे, असे जुने ट्रकवाले सांगत ते याचसाठी.

मे १९९१. पत्नीच्या माहेरी, चिपळूणला, लग्न होते. पाटणहून कोयनेच्या कडेने हेळवाक, आणि पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. ती मागे बसलेली, मांडीवर आहेराच्या साड्यांची पिशवी. घाटाच्या निम्म्यात ती म्हणाली, ''काहीतरी जळतंय.'' मी म्हणालो, कोणीतरी वणवा लावला असेल. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, ''रबर जळल्यासारखा वास येतोय हो.'' मी म्हणालो, ट्रकचा असेल. तिसऱ्यांदा ती काही बोलण्याआधी पुढचे वळण आले आणि मी लिव्हर दाबला. तो मुठीला टेकला. गाडीला काही कळलेच नाही. डावा पाय दाबला, तिथेही तेच. समोरून एस. टी. वर येत होती. डाव्या हाताला डोंगराची बाजू होती म्हणून आज हे लिहितो आहे. गाडी गटारात घातली. मला गुडघ्याला खरचटले. ती उजव्या हातावर पडली आणि तिचे मनगट मोडले.

एस. टी. च्या चालकाने गाडी थांबवून आम्हांला वर काढले. बस उलट दिशेला जाणारी, तरी तो थांबला. खाली जाणाऱ्या एका जीपला हात करून त्यानेच आम्हांला चिपळूणला पाठवले. लग्नात ती हात गळ्यात बांधून बसली. जो येई तो विचारी आणि मी सांगे, ''ब्रेक फेल झाला.'' घाटात ब्रेक फेल झाला म्हटले की लोक नमस्कार करतात, देवाने वाचवले म्हणतात. कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

पत्नी शाळेत शिक्षिका. प्लास्टर निघाल्यावर फळ्यावर लिहायला तिला दोन महिने लागले. पोळ्या लाटताना ते मनगट अजून दुखते. त्या दिवसानंतर ती बुलेटवर बसली नाही. भांडण झाले नाही, शपथ घेतली नाही. मी विचारले की ''तुम्ही व्हा पुढे, मी एस. टी. ने येते'' एवढेच म्हणे. पुढे मी विचारणेच सोडले.

गाडी मात्र मी सोडली नाही. १९९४ साली बदली होऊन थोडे स्थिर झाल्यावर पुण्याला नाना पेठेतून मोठा, दोन कॅमचा ड्रम आणून बसवला. साध्या ड्रममध्ये दोन शूंपैकी एकच चाकाच्या फिरण्याबरोबर स्वतःहून आत खेचला जातो. दुसऱ्याला चाक मागे ढकलत असते, तो नावापुरता. कार्यालयातल्या दोन कारकुनांसारखे. दोन कॅम असले की दोघेही कामाला लागतात. फरक पहिल्याच दिवशी कळला. पण त्यातही खोच आहे. दोन्ही कॅमना जोडणारी दांडी अचूक जुळवावी लागते, नाहीतर पुन्हा एकटाच शू राबतो. आणि चढावर थांबलात तर हाच ब्रेक गाडीला मागे घरंगळू देतो, कारण उलट्या दिशेला दोघेही नावापुरते होतात. यवतेश्वरच्या घाटात मी हे अनुभवले आहे. तीस वर्षे त्या ड्रमवर काढली.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या हाताचा अंगठा बोलू लागला. डॉक्टर म्हणाले, सांध्यांची झीज. लिहायला त्रास नाही, पण लिव्हर कचकन दाबायचा झाला की कळ थेट कोपरापर्यंत जाते. थोरल्या मुलाने पुण्याहून फोनवर निकाल दिला, ''बाबा, गाडी विका.'' धाकट्याने एखादी हलकी स्कूटर घ्या म्हणून सुचवले. दोघांचेही बरोबर होते. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पावणेदोनशे किलोची गाडी मध्यस्टँडवर चढवणे हा काही पुरुषार्थ नव्हे. पण मी गाडीऐवजी ब्रेक बदलायचे ठरवले.

डिस्क ब्रेक ही नवी गोष्ट नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. १९५३ मध्ये जॅग्वारच्या मोटारींनी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर, आणि १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून मोटरसायकलच्या पुढच्या चाकावर हा ब्रेक सरसकट दिसू लागला. आपल्याकडे सामान्य माणसाच्या नजरेला तो पडला १९९९ च्या सीबीझेडमुळे, मग २००१ पासूनच्या पल्सरमुळे. तत्त्व सोपे आहे. पातेले आतून बोटे ताणून धरण्याऐवजी सांडशीने काठाला धरायचे. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड. तबकडी तापून फुगली तरी ती सांडशीच्याच दिशेने फुगते, पकड सुटत नाही. वारा थेट लागतो, म्हणून लवकर निवते. पाणी पडले तर फिरता फिरता झटकले जाते. ड्रममध्ये शिरलेले पाणी आत कोंडून बसते.

आणि केबलऐवजी तेल. सतराव्या शतकातल्या पास्कालने सांगून ठेवले आहे की कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या लहान, चाकापाशी कॅलिपरमधला मोठा. लहान दट्ट्यावर बोटाने दिलेला जोर मोठ्यावर कितीतरी पट होऊन निघतो. माझ्या अंगठ्याला हेच हवे होते.

आमचा मिस्त्री चाळिशीचा. त्याचे वडीलही बुलेटचेच काम करीत. त्याने यादी लिहून दिली : डिस्क बसेल असा हब, कॅलिपरला कान असलेले पुढच्या शॉकअपचे पाय, कॅलिपर, डिस्क, मास्टर सिलिंडर, होज, ॲक्सल, स्पीडोमीटरच्या केबलची गरारी, नवे स्पोक. ''साहेब, सगळं बुलेटचंच आणा. दुसऱ्या गाडीचं कॅलिपर वेल्डिंग मारून बसवणारे आहेत, पण ते वेल्डिंग ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी मी तिथं नसेन.'' शेवटी एक ओळ त्याने अधोरेखित केली होती : टायर. मी म्हणालो, टायरची नक्षी अजून छान आहे. त्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर अकरा वर्षांचा निघाला. नक्षी शाबूत, रबर मात्र खापरासारखे. ब्रेक चाकाला धरतो, रस्त्याला टायर धरतो. हे मला त्याने न चिडता समजावले.

सामान आणायला नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या. खर्च एका महिन्याच्या पेन्शनच्या चौथ्या हिश्शाच्या वर गेला, किती वर ते घरात अजून सांगितलेले नाही. एक सूचना, बँकेतली सवय म्हणून : गाडीत बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ बंधन घालते. काम सुरू करण्याआधी आर. टी. ओ. मध्ये जाऊन विचारावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर फाइल उघडली जाते तेव्हा तोंडी गोष्टींना किंमत नसते.

मिस्त्रीने काम आमच्याच पोर्चमध्ये केले. जुना ड्रम उघडल्यावर आत काळी पूड निघाली. ती त्याने फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. त्याचे वडील आयुष्यभर तोंडाने फुंकत आले होते, एवढेच तो म्हणाला. रिंगला नवे स्पोक घालून तिचा आउट काढायला अर्धा दिवस गेला. मग ब्रेक ऑइल. ते भरण्याआधी त्याने पेट्रोलच्या टाकीवर ओले टॉवेल अंथरले, कारण या तेलाचा थेंब पडला की रंग जातो. डबा 'डॉट ४' चा, नवा, त्याच दिवशी फोडलेला. हे तेल हवेतले पाणी पिते. ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो, पाणी प्यायल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि उकळी फुटली की नळीत वाफ. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचे, गाडी उभी असली तरी.

शेवटी हवा काढणे. मी लिव्हर दाबून धरायचा, त्याने खालचा निपल सैल करायचा, बुडबुडे बाहेर, निपल घट्ट, मग मी सोडायचे. हे तीसेक वेळा. लिव्हर आधी लोण्यासारखा मऊ होता, हळूहळू कडक होत गेला. काम कंटाळवाणे, म्हणून गप्पा. मिस्त्रीने विचारले, ''साहेब, कुंभार्लीत तुमचा ब्रेक फेल झाला होता ना? वडील सांगायचे.''

मी नेहमीची गोष्ट सांगितली. तो निपलकडे पाहतच ऐकत होता. मग म्हणाला, ''पण दोन्ही ब्रेक एकदम? इंजिन चालू होतं, गिअरमध्ये होती, तर एवढे तापायला नको होते.''

पत्नी चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे पायरीवर ठेवला आणि म्हणाली, ''इंजिन बंद होतं. पेट्रोल वाचवत होते.''

अगदी साध्या आवाजात. साखर किती घालू, असे विचारावे तशी.

तर ही ती नोंद. आखाती युद्धाच्या दिवसांत पेट्रोल महागले होते आणि घाटमाथ्यावर चावी बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडून देण्याची आम्हां पोरांत रीतच पडली होती. शाखेतले सगळे करीत. कुंभार्ली बिनपेट्रोलची उतरलो, हे दुसऱ्या दिवशी सांगण्यात एक शेखी होती. वाचणारे पेट्रोल कपभर. त्या दिवशीही हेळवाक सोडून घाट लागल्यावर मी चावी फिरवली होती. लिव्हर मुठीला टेकल्यावर मी गिअर टाकायला पाहिला, पण घाईत पडला नाही. दोष ब्रेकचा नव्हता. ब्रेकला जेवढे जमले त्याच्या पलीकडे त्याने केले होते, आणि मागून तीनदा नसली तरी दोनदा सूचनाही मिळाली होती. मी मात्र माझ्या खात्याची रक्कम तेहतीस वर्षे गाडीच्या नावे टाकत आलो. इतकेच नव्हे, माझ्या एका कादंबरीत नायकाची मोटरसायकल घाटात कोसळते, तिथेही मी इंजिन चालूच ठेवले होते. माझ्या सगळ्या कादंबऱ्यांची मुद्रिते पत्नीने तपासली आहेत. त्या पानावर तिने एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली होती. बाकी काही नाही.

मिस्त्री गेल्यावर मी विचारले, ''तुला माहीत होतं?''

''बुलेटचं इंजिन बंद झालेलं मागे बसलेल्याला कळत नाही होय?'' ती म्हणाली. ''कोकिळा ऐकू यायला लागली होती.''

''मग कधी बोलली नाहीस ती?''

''तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. मग इतकी वर्षं झाली की आता मीच सांगितलं तर भांडण उकरून काढल्यासारखं दिसेल.'' आणि ती चहाचे कप घेऊन आत गेली. मी बराच वेळ पोर्चमध्ये बसलो होतो. त्या रात्री दोन्ही मुलांना फोन करून सांगितले. थोरला काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, ''आईला फोन द्या.'' ती दोघे काय बोलली ते मी विचारले नाही.

नव्या पॅडना डिस्कवर नीट बसायला दोनतीनशे किलोमीटर लागतात, तोवर जोराचा ब्रेक मारायचा नाही. ते मी शाहूपुरी, गोडोली, वाढे फाटा असे करत पुरे केले. सवय मोडायलाही वेळ लागला. जुन्या ड्रमसाठी मूठच्या मूठ आवळायचा हात इथे चालत नाही. दोन बोटे, आणि तीही हळूहळू वाढवत. एकदम आवळले तर पुढचे चाक जाम होऊन घसरेल, आणि पुढचे चाक घसरले की माणूस सावरत नाही. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, ते चाक जाम होऊ देत नाही. माझ्या बुलेटला ते नाही. तिचे एबीएस म्हणजे माझी दोन बोटे. थांबताना सगळा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. पुढचा ब्रेक लावला तर उलटून पडू, या भीतीने कित्येकजण आयुष्यभर मागच्यावरच गाडी चालवतात.

सप्टेंबरात कास फुलले. पत्नी दरवर्षी शाळेच्या जुन्या मैत्रिणींबरोबर बसने जाते. त्या वर्षी मैत्रिणींपैकी दोघी आजारी होत्या. रविवारची गर्दी नको म्हणून मंगळवारी सकाळी निघायचे ठरले होते. ती चप्पल घालून पोर्चमध्ये आली आणि हेल्मेट मागितले. घरात दुसरे हेल्मेट नव्हते. शेजारच्या मुलाचे आणले, त्यावर एक वाघाचे चित्र होते. ते घालून ती मागे बसली आणि जाताना सारा रस्ता काही बोलली नाही. फुले पाहिली, तिला नावे माहीत आहेत, मला नाहीत. दुपारी धुके उतरू लागले तसे आम्ही परत निघालो.

यवतेश्वरचा उतार लागला. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, इंजिन ठोके देत होते. पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे, रस्ता सरळ आणि रिकामा असताना, ती मागून म्हणाली, ''थांबवा.''

मी दोन बोटांनी लिव्हर दाबला. गाडी थांबली. मला वाटले ती उतरून चालत येणार. मी पाय टेकून वाट पाहत राहिलो.

''उतरतेस?''

''नाही,'' ती म्हणाली. ''थांबते का ते पाहिलं. चला.''